क्रुसाजवळची बाय

अब्बांची वही ते गेल्यानंतर दोन वर्षांनी सापडली. घराचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकायचा होता, म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा तराजूच्या पारड्यांखाली ती निघाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, बोंबलाचा वास मुरलेली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच नोंद होती :

रमजान ७. पाचूबंदर. क्रुसाजवळची बाय. बोंबील १८ किलो. ५,४०० बाकी.

बाकीच्या सगळ्या नोंदींवर आडवी रेघ होती. या एकीवर नव्हती.

अब्बा सुक्या मासळीचे व्यापारी होते. व्यापारी हा शब्द मोठा झाला. वाडा, जव्हार, विक्रमगड या भागातल्या आठवडे बाजारांत ताडपत्री अंथरून बोंबील, जवळा, मांदेली, ढोमा विकायचे. ठाणे-पालघरच्या आतल्या गावांत मे महिन्यात आगोटीचा बाजार होतो. पावसाळ्याचे चार महिने पुरेल असं मीठ, मिरची, कांदा आणि सुकी मासळी भरून ठेवायची. जंगलपट्टीत पाऊस लागला की भाजी नाही, बाजार नाही, ओली मासळी तर नाहीच. भाकरीबरोबर चुलीत भाजलेला बोंबील एवढंच कालवण. त्यामुळे वर्षाची निम्मी कमाई अब्बांची त्या एका महिन्यात व्हायची. माल मेच्या मध्याला उधारीवर उचलायचा, जूनमध्ये विकायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर बंदरावर जाऊन चुकता करायचा, असा त्यांचा आणि तिथल्या कोळणींचा शिरस्ता होता. कागद नाही, सही नाही.

वहीतली रमजान ७ म्हणजे २०१९ सालातली १३ मे. त्या वर्षी नारळी पौर्णिमा १५ ऑगस्टला होती. त्याच्या आठवडाभर आधी अब्बांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पैसे औषधांत कुठे विरले ते कुणालाच कळलं नाही.

मग दीड वर्ष ते अंथरुणावर होते. बोलायचा प्रयत्न करायचे. 'पा... पा...' असं काहीतरी यायचं. अम्मी पाणी आणायची. ते एक घोट घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. वही सापडली त्या दिवशी मी अम्मीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात तेच आलं असणार. अर्थात, माणूस मागाहून असं जोडत बसतो. पक्षाघाताच्या माणसाला खरोखरच पाणीही हवं असतं.

मय्यतीच्या वेळी थोरला मुलगा म्हणून जनाजासमोर उभा राहून मी रीतीप्रमाणे विचारलं होतं, अब्बांचं कुणाचं देणं असेल तर मला सांगा, मी देईन. कुणी पुढे आलं नाही. कोण येणार? ज्यांचं देणं होतं ते वसईच्या समुद्रकिनारी राहत होते.

आपल्याकडे वारसाहक्कावर पुष्कळ बोललं जातं. मुलीला किती, मुलाला किती, बायकोचा आठवा हिस्सा कसा काढायचा. पण वाटणी ही शेवटची पायरी आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर जे उरेल ते वारसांचं. कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवायला हजरत पैगंबर थांबले आणि अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतल्यावरच पुढे झाले, ही हदीस मी वर्गात मुलांना गोष्ट म्हणून सांगितलेली आहे. आणि आम्ही तर अब्बांचं दुकानाचं सामान विकून दोन्ही भावांनी पैसे वाटूनही घेतले होते.

आमच्या मौलानांना मी एक प्रश्न विचारला. देणं ५,४०० रुपयांचं की अठरा किलो बोंबलांचं? २०१९ साली त्या पैशात अठरा किलो येत होते, आज येत नाहीत. ते म्हणाले, वहीत पैसे लिहिलेत तर पैसेच द्यायचे, तेवढेच. ठरवून जास्त दिलं तर ते व्याज. पण न ठरवता, आपल्या खुशीनं वर काही दिलं तर ते चांगलं. पैगंबरांनी उसन्या घेतलेल्या उंटाच्या बदल्यात त्याहून चांगला उंट परत केला होता. मी पाकिटात सात हजार घातले.

आता जायचं कधी, हा प्रश्न होता. तो मी शाळेच्या सुट्टीवरून ठरवणार होतो. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा चांदच्या सहा-सातला जायचे, नाहीतर बावीस-तेवीसला. तेव्हाच जा."

का, ते तिला ठाऊक नव्हतं. मला पाचूबंदरला गेल्यावर कळलं, पण इथेच सांगून टाकतो. या किनाऱ्यावरची बोंबलाची मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची, शेपटीकडे निमुळती होत गेलेली जाळ्याची लांबलचक पिशवी. ती होडीमागे ओढत नाहीत. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना तिचं तोंड बांधायचं आणि प्रवाहात सोडून द्यायची. भरती-ओहोटीचं पाणीच मासे आत घालतं. म्हणजे पाण्याला ओढ हवी. ती ओढ पुनवेला आणि अवसेला, उधाणाला. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असते, पाणी मंदावतं, तेव्हा जाळी काढून होड्या किनाऱ्याला येतात. उधाणात मारलेले बोंबील तोवर दोन-तीन उन्हं खाऊन खडखडीत झालेले असतात, माणसं घरी असतात, हिशोबाला वेळ असतो. व्यापाऱ्यानं यायची वेळ तीच.

आणि आपल्या चांदची सहा म्हणजे पंचांगातली सप्तमी नाहीतर अष्टमी. आपला महिना चंद्रकोर डोळ्याला दिसल्यावर सुरू होतो, त्यांचा अवस संपली की. त्यामुळे आपली तारीख त्यांच्या तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे चालते, एवढाच फरक. भरतीची वेळ काढायची कोकणी माणसाची युक्तीही तीच. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला बाराच्या आगेमागे. मशिदीचं कॅलेंडर भिंतीवर लावून अब्बा वाड्यात बसून वसईची भरती सांगत असणार. आम्ही त्यावर फक्त इफ्तारची वेळ बघायचो.

२० नोव्हेंबर २०२३ला सोमवार होता आणि कार्तिकातली शुद्ध अष्टमी. मी निघालो.

वाड्याहून अंबाडी, तिथून वज्रेश्वरी, मग शिरसाड फाट्याला हायवे. हा रस्ता म्हणजे वसईच्या इतिहासाची मागची बाजू आहे. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी बांधून घेतलं, वसई जिंकण्यासाठी केलेल्या नवसापोटी. १७३९च्या मे महिन्यात किल्ला पडला आणि नवस फेडला गेला. इकडे मी बापाचं बोंबलाचं देणं फेडायला त्याच वाटेनं उलटा चाललो होतो.

शाळेत असताना सहलीला वसईच्या किल्ल्यात नेलं होतं. गुरुजींनी १७३९ सांगितलं, छान सांगितलं. एका मुलानं विचारलं, पोर्तुगीजांनी किल्ला कुणाकडून घेतला होता? गुरुजी म्हणाले, गुजरातच्या सुलतानाकडून. मग सगळ्या वर्गानं माझ्याकडे वळून पाहिलं, जणू तो माझा चुलता होता. बहादूरशहानं २३ डिसेंबर १५३४च्या तहात वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली, कारण त्याच्या उरावर हुमायून बसला होता. म्हणजे एका मुसलमान बादशहाच्या धाकानं दुसऱ्या मुसलमान बादशहानं ख्रिस्ती राजाला दिलेली वसई. यात माझी बाजू कोणती, हे मला आठवीत सांगता आलं नाही आणि आजही सांगता येत नाही. अब्बांना ती अडचण कधी आली नाही. अम्मी सांगते, किल्ल्याच्या तटाच्या सावलीत ते जोहरची नमाज पढायचे आणि डबा खायचे. किल्ल्याशी त्यांचा संबंध एवढाच.

खरं तर या मुलखाशी आपला संबंध किल्ल्याहून कितीतरी जुना आहे. पलीकडचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. दहाव्या शतकात बगदादचा मसुदी या किनाऱ्यावर येऊन गेला. चौलला तो सैमूर म्हणतो, ठाण्याला ताना आणि सोपाऱ्याला सुबारा. या बंदरांत तेव्हा अरब व्यापारी राहत होते, मशिदी होत्या. कुणी तलवार घेऊन नाही, तर हिशोबाच्या वह्या घेऊन आले होते. आमच्या घरातल्या लाल वहीची जात तीच म्हणायची.

वसई रोड स्टेशनच्या गर्दीतून पारनाक्याला आलं की गाव बदलतं. जुनी लाकडी घरं, वाड्या, केळी. पुढे किल्ल्याच्या बाजूनं समुद्राकडे वळलात की नाकालाच कळतं. नावात पाचू आहे, पण गाव रंगानं चंदेरी-करडं. जिथे मोकळी जागा तिथे बांबूच्या वलांड्या, आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकतात, कपडे वाळत घातल्यासारखे. ना मीठ, ना हळद, फक्त ऊन आणि वारा. ओल्या बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच. ते उडून गेलं की जे हातात राहतं त्याला आपण सुका बोंबील म्हणतो. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळं काळं पडतं. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा अब्बा दोन आठवडे रिकाम्या हातानं बाजारातून परत आल्याचं मला आठवतं.

इथले बरेचसे कोळी ख्रिस्ती, काही हिंदू. ख्रिस्ती पोर्तुगीज काळात झाले, पोर्तुगीज गेल्यावरही राहिले, आणि मराठीच बोलत राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या धर्मावरून आक्षेप घेणारेही निघाले. ते याच वसईचे. त्या दिवसांत मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते दुसऱ्या कुणा अध्यक्षाविषयी वाटलं नाही. मराठी असल्याचा दाखला ज्याच्याकडे वारंवार मागितला जातो त्यालाच ते कळेल.

असो. क्रुसाजवळची बाय शोधायची होती.

पहिल्या बाईनं विचारलं, "कोणत्या क्रुसाजवळची?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाड्याच्या माणसाला पाचूबंदरात एक क्रूस पुरेसा वाटतो. इथे गल्लीच्या तोंडाशी क्रूस, वळणावर क्रूस, चौकात क्रूस. पांढरे, निळे, फुलांच्या माळा घातलेले. मी तीन क्रुसांजवळच्या तीन बायांना भेटलो. एकीनं मला विमेवाला समजून दार लावलं. दुसरी म्हणाली, आमचा माल मुंबईला जातो. तिसरीच्या सासूनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाड्याचा भाई? पायजमा घालायचा, पांढरी दाढी, माल नाकाशी धरून बघायचा?"

तो मीच सांगायला हवा होता असा तपशील. अब्बा खरंच प्रत्येक जुडी नाकाशी धरायचे.

"ती समुद्राकडच्या क्रुसाजवळ राहते," ती म्हणाली. "आता दिसत नाही तिला."

समुद्राकडचा क्रूस गावाच्या अगदी टोकाला होता. त्याच्यापुढे दगडी बंधारा, बंधाऱ्यापलीकडे पाणी. भांगेचा दिवस, दुपारची ओहोटी, त्यामुळे समुद्र मुकाट होता. घरासमोर ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मी वाड्याच्या भाईचा मुलगा, असं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "कधी गेला?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

तिची बोली मला लिहिता येणार नाही, उगाच नाटकातल्या कोळणीसारखी होईल. माझ्या मराठीत सांगतो. म्हणाली, "त्या नारळी पुनवेला आला नाही. त्याच्या पुढच्या भांगेला पण नाही. मग करोना आला. मी सुनेला म्हटलं, तो गेला असणार. नाहीतर आला असता."

मी गप्प राहिलो. साडेचार वर्षं मी कल्पना करत होतो, वही सापडल्यापासून तर जास्तच, की इथे एक बाई आपल्या बापाला बुडव्या म्हणत असेल.

मग तिनं शेवटच्या भेटीचं सांगितलं. "अष्टमी रविवारी आली होती. रविवारी आमच्यात मिस्सा, माल मोजत नाही. त्याला ठाऊक, म्हणून सोमवारी आला, नवमीला. भर मे महिना. मी पाणी दिलं तर म्हणाला, रोजा आहे. सावलीला बस म्हटलं, तर म्हणाला, गाडी चुकेल. असल्या उन्हात माझा माल उचलून गेला."

घरी येऊन मी जुनं कॅलेंडर पाहिलं. २०१९ची १२ मे, अष्टमी, रविवार. तिचं तिथीवार बरोबर होतं. डोळे गेले होते, पण तिथी-वार दोन्ही हिशोब डोक्यात चालू होते, आणि अब्बांचा तिसरा हिशोब त्या दोन्हींना सांभाळून चालला होता.

मी पाकीट दिलं. तिनं नोटा बोटांनी चाचपून मोजल्या. पाचशेची नोट लांब, दोनशेची त्याहून आखूड, शंभराची त्याहून. दोनदा मोजल्या. मग सोळाशे वेगळे काढून माझ्यापुढे धरले.

"हे कशाचे?"

मी म्हटलं, असू द्या मावशी.

"व्याज?"

"नाही नाही. आमच्यात व्याज हराम असतं."

"मग हे काय?"

उंटाची हदीस मी तिला सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. ऊन, वलांड्या, तिचा पुढे केलेला हात. मला स्वतःलाच ते पटवून देता येईना. मी म्हटलं, भाव वाढलाय ना. त्यावर ती म्हणाली, "भाव वाढला तो आजच्या मालाचा. त्या मालाचा भाव त्या दिवशी ठरला."

मौलानांनी हेच सांगितलं होतं, थोड्या जास्त शब्दांत.

सून चहा घेऊन आली. तिच्याकडून बाकीचं कळलं. मुलगा अजून होडीवर जातो, नातवाला जायचं नाही, तो नायगावला एका गोदामात आहे. डिझेल महाग, बोंबील कमी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पण त्याआधीच हातपाय गारठतात. तिनं बंधाऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आमच्या वलांड्या तिकडे होत्या." तिकडे म्हणजे पाण्यात. पावसाळ्यातल्या उधाणाला आता लाटा क्रुसापर्यंत येतात. ती म्हणाली, रेती काढून काढून किनारा पोकळ झाला. वाळवायला जागा नाही, म्हणून गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, मिळेल तिथे दोऱ्या बांधतात. गाड्यांची धूळ बसते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. मच्छीमार बायका बाजारात बसतात त्या जागाही कमी होत चालल्यात. हे सगळं तिनं कुरकुर न करता सांगितलं, मी कुणी सरकारी माणूस असल्यासारखं मात्र दोनदा माझ्या पिशवीकडे पाहिलं.

सोळाशे रुपये अजून ओट्यावर पडले होते. मी उचलत नव्हतो, म्हातारी घेत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "बरं. मग माल ने."

सुनेनं काटा आणला. आजच्या भावानं सोळाशेचा बोंबील तोलला. म्हातारीनं एक जुडी माझ्या हातात दिली आणि वाट पाहत राहिली. मला कळेना. मग कळलं, आणि मी ती नाकाशी धरली. खरं सांगायचं तर मला चांगल्या-वाईट बोंबलाच्या वासातला फरक कळत नाही. मी मान डोलावली. तिला ती दिसली नाही. सुनेनं सांगितलं, "चालतंय म्हणतो."

"आता पुढच्या भांगेला कोण येणार?" म्हातारीनं विचारलं. मी शिक्षक आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "शाळेला सुट्टी असते ना."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं मला पोत्यासकट मागच्या बाकावर पाठवलं. पुढच्या बाईनं पदर नाकाला लावला. खिडकी उघडी ठेवून मी बसलो. अब्बा चाळीस वर्षं याच बाकावर बसले असतील आणि हीच खिडकी उघडली असेल, आणि मी कॉलेजात असताना मित्रांना घरी आणायचं टाळत होतो, त्याचं कारण हे पोतं होतं.

वज्रेश्वरीला एक वारली आजी चढली. डोक्यावर मोळी विकून मोकळी झालेली चुंबळ तशीच. माझ्या शेजारी बसली, पोत्याकडे पाहिलं, वाकून वास घेतला आणि विचारलं, "कसा दिला?"

मी तिला सुनेनं लावलेला भाव सांगितला. ती म्हणाली, एवढा नको, थोडा दे. माझ्याकडे काटा नव्हता. मोजून पंचवीस दिले. तिनं त्यातले दोन परत माझ्या हातात ठेवले, ते आखूड होते म्हणून, आणि मी तिला दुसरे दोन बदलून दिले.